फुल-फ्लोटिंग केलेल्या मागच्या अ‍ॅक्सलच्या हबमधून वारंवार ऑइल गळणे: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

इंदूरमध्ये जुन्या जीप आणि पिकअप गाड्यांचे काम करताना गेल्या काही वर्षांत एकच तक्रार माझ्याकडे सर्वाधिक वेळा आली आहे. मालकाने हौसेने मागचा सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग करून घेतलेला असतो, पहिले दोन-तीन महिने गाडी उत्तम चालते, आणि मग चोरलच्या नदीपात्रातून किंवा जानापावच्या चढावरून परत आल्यावर एका मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओल दिसू लागते. ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारे रबरी कडे, बदलले जाते, पंधरा दिवस सगळे कोरडे राहते आणि ओल पुन्हा येते. तिसऱ्यांदा सील बदलण्याची वेळ आली की बहुतेक मालक सीलच्या कंपनीला दोष देतात. माझ्या अनुभवात सील क्वचितच खराब निघाले आहे. त्याला खराब करणारी गोष्ट शेजारी तशीच राहिलेली असते, आणि ती शोधण्याचा क्रम मी पुढे देत आहे.

आधी दोन्ही रचनांतला फरक थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय तपासणीचा अर्थ लागत नाही. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बसते, त्यामुळे शाफ्टला इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचवावी लागते आणि गाडीचे वजनही पेलावे लागते. फुल-फ्लोटिंगमध्ये हाउसिंगच्या (शाफ्टभोवतीच्या नळीसारख्या कवचाच्या) टोकाला पोकळ स्पिंडल असतो, त्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन टेपर रोलर बेअरिंगांवर हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) फिरतो आणि सगळे वजन हाउसिंगवर येते. शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो आणि बाहेरच्या फ्लँजने (टोकाच्या चपट्या चकतीने) हबला बोल्टने जोडलेला असतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, हा या रचनेचा खरा फायदा आहे. ट्रकमध्ये ती पूर्वापार आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचा मागचा अ‍ॅक्सलही फुल-फ्लोटिंगच होता.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे ओल नेमकी कोठे आहे ते. चाकाच्या बाहेरच्या तोंडाशी, फ्लँजच्या बोल्टांभोवती ओल असून तिथून रिमवर आऱ्यांसारखे फराटे गेलेले असतील, तर गळती फ्लँजच्या पॅकिंगमधून आहे. टायरच्या आतल्या बाजूवर आणि ब्रेकच्या बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) खालच्या कडेला ओल असेल, तर हबच्या आतल्या सीलमधून ऑइल ड्रममध्ये उतरते आहे. ही दुसरी गळती धोकादायक असते. दुसरे लक्षण ब्रेकचे आहे: ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते किंवा एक मागचे चाक अचानक जाम होते. तिसरे लक्षण उष्णतेचे, म्हणजे वीसेक किलोमीटर चालवल्यावर एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेला असणे. चौथे लक्षण आवाजाचे आहे. पुढे-मागे गाडी घेताना चाकातून एकच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाना लावून पाहिल्यास फ्लँजचे बोल्ट सैल निघतात. हे चौथे लक्षण पहिल्याच्या जोडीने वारंवार दिसत असेल, तर या लेखातला ‘शाफ्टची लांबी आणि सरळ रेष’ हा भाग आपल्यासाठी आहे, मात्र आधीच्या तपासण्या गाळून तिथे उडी मारू नये.

काम सुरू करण्यापूर्वी एक सूचना

अनेक जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलचा एक शाफ्ट बाहेर काढला, की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचामुळे) दुसरे चाकही मोकळे होते आणि असा हँडब्रेक किंवा टाकलेला गिअर मागच्या चाकांना धरून ठेवत नाही. शाफ्ट काढायला जॅकसुद्धा लागत नाही, त्यामुळे माणूस निष्काळजी होतो. सपाट जागा पाहून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय फ्लँजच्या बोल्टला पाना लावू नये, आणि चाक उचलायचे असेल तर गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर (स्थिर लोखंडी स्टँडवर) ठेवावी.

गळणारा द्रव कोणता आहे

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सर्वाधिक वेळा राहून जाते. ड्रमच्या खालून गळणारा द्रव गिअर ऑइल असेलच असे नाही, कारण व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळत असेल तरी ओल त्याच जागी दिसते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात या द्रवाचे दोन थेंब सोडावेत. गिअर ऑइल तवंगासारखे वर तरंगते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. नेहमीच्या डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाते. ब्रेक ऑइल निघाले तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही, व्हील सिलिंडरचे काम तातडीने करून घ्यावे.

गिअर ऑइल निघाले तर हब आणि बॅकप्लेट स्वच्छ पुसून कोरडे करावे, त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून आणावी. पांढऱ्या पावडरीवर ओलीची रेघ जिथून सुरू होते, तीच गळतीची जागा. पसरलेल्या जुन्या ओलीवरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे आहे.

ऑइलची पातळी आणि गाडी उभी करण्याची जागा

सपाट जमिनीवर, गाडी थोडा वेळ उभी राहिल्यानंतर, डिफरन्शियलचा भरण्याचा बूच काढून ऑइलची पातळी पाहावी. ती भोकाच्या खालच्या कडेला असायला हवी. ती वर असेल आणि बूच काढताच ऑइल बाहेर येत असेल, तर जास्तीचे ऑइल हाउसिंगच्या नळीतून हबकडे जाणारच. रूपांतरानंतर ऑइल जास्त भरले जाण्याचे एक कारण असे आहे की काही हब ऑइलवर चालतात आणि काही ग्रीसवर, आणि काम करणाऱ्याने यांपैकी कोणती पद्धत ठेवली आहे हे मालकाला माहीत नसते. ऑइलवर चालणारा हब नव्याने बसवल्यावर गाडीची एक बाजू आणि मग दुसरी बाजू थोडा वेळ उचलून दोन्ही हबमध्ये ऑइल उतरू द्यावे लागते आणि त्यानंतर पातळी पुन्हा भरावी लागते. ग्रीसवर चालणाऱ्या हबला मात्र डिफरन्शियलचे ऑइल अडवणारे आणखी एक सील स्पिंडलच्या पोकळीत हवे असते. ते बसवलेच नसेल, तर गिअर ऑइल बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढते आणि ग्रीस-ऑइलचा पातळ काला सीलमधून बाहेर येतो. म्हणून रूपांतर करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

पलसीकर कॉलनीतल्या एका काकांच्या जीपचा डावा हबच दर वेळी गळत असे. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गाडी फाटकाबाहेर, डावे चाक गटाराच्या उतारावर टेकवून उभी होती, आणि आठवड्यातले सहा दिवस ती तशीच उभी असे. सगळे ऑइल डाव्या नळीत जमून सीलवर दिवसरात्र टेकून राहत होते. गाडी सपाट जागी लावायला सांगितल्यावर गळती निम्म्याहून कमी झाली. पूर्ण थांबली नाही, त्याचे कारण पुढे येईल.

ब्रीदर

अ‍ॅक्सल हाउसिंगच्या वरच्या अंगाला हवा खेळण्यासाठी एक छोटी तोटी असते. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीने ती दोन-तीन सहलींतच लिंपून जाते. अ‍ॅक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसली की ती सीलच्या ओठातून ऑइल ढकलत बाहेर येते. याच्या उलट, तापलेला अ‍ॅक्सल एकदम पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि तेच सील पाणी आत ओढून घेते. बूच काढल्यावर ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसले, तर पाणी शिरले आहे असे निश्चित समजावे आणि ऑइल, ग्रीस दोन्ही बदलावे. ब्रीदर काढून त्यात तोंडाने फुंकून पाहावे, हवा सहज जायला हवी. नदी ओलांडणाऱ्या गाडीला ब्रीदरपासून रबरी नळी काढून ती बॉडीच्या उंच भागापर्यंत नेणे हा अत्यंत स्वस्त आणि कायमचा उपाय आहे. मला विचाराल तर ही नळी लावल्याशिवाय रूपांतर पूर्ण झाले असे म्हणूच नये.

फ्लँजचे बोल्ट आणि पॅकिंग

फुल-फ्लोटिंगमध्ये चाक फिरवण्याची सगळी ताकद फ्लँजमधून हबकडे जाते. ती बोल्टांच्या दांड्यांनी वाहून न्यावी अशी अपेक्षा नसते. बोल्टांनी फ्लँज हबवर इतकी घट्ट दाबायची असते की दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणानेच ताकद पुढे जावी. बोल्ट किंचित सैल झाले की फ्लँज हबवर घासू लागते, बोल्ट कातरले जातात आणि तेथून ऑइल येते. यावर आपल्याकडचा लोकप्रिय उपाय म्हणजे जाड पॅकिंग. एका गाडीत मला जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे दुहेरी पॅकिंग मिळाले होते, त्यावर श्रावणातल्या तिथ्याही वाचता येत होत्या. जाड पॅकिंग ऑइलने भिजून दबते, दबले की बोल्टांचा ताण जातो, आणि ज्या गळतीसाठी ते लावले तीच गळती ते पुन्हा घडवून आणते. पातळ तयार पॅकिंग किंवा तेलाला टिकणाऱ्या सिलिकॉन सीलंटचा पातळ थर पुरेसा असतो. बोल्ट आणि त्यांची भोके पेट्रोलने पुसून पूर्ण कोरडी करावीत, आटे धरून ठेवणारे द्रावण लावावे, टॉर्क पान्याने समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चिरलेल्या शंकूच्या आकाराचे कॉलर असलेली फ्लँज असेल, तर कॉलर एकही गाळू नये. फ्लँजला मध्यावर नेमके धरून ठेवण्याचे काम तेच करतात.

बेअरिंगचा प्ले

येथून पुढे चाक उचलावे लागते. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवावे. हालचाल जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर प्ले (ढिलाई) हबच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि तरीही राहिली तर ती स्प्रिंगच्या बुशांत किंवा इतरत्र आहे. माझ्या मते वारंवार सील जाण्याचे सर्वांत मोठे कारण हाच प्ले आहे. सीलचा रबरी ओठ फिरणाऱ्या पृष्ठभागाचा पाठलाग करू शकतो, पण त्याला मर्यादा आहे. हब चालता चालता वर-खाली डगमगत असेल, तर ओठ एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो आणि सील कितीही महागाचे असले तरी ऑइल सोडते.

डाना या अ‍ॅक्सल बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या हबला साधारणपणे असे बसवतात: हब हाताने फिरवत ठेवून आतला नट सुमारे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, मग नट पाव फेरा सैल करावा, कुलूपवॉशर लावावा आणि बाहेरचा नट आवळावा. रूपांतराच्या किटबरोबरच्या कागदात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. शेवटी डायल गेज लावून मोजलेला प्ले साधारण ०.०२५ ते ०.१३ मिलिमीटर यांच्या दरम्यान असावा. मोजमाप बाहेरचा नट आवळल्यानंतरच घ्यावे, कारण तो आवळताना आट्यांमधली ढिलाई निघून जाते आणि आधी ठीक वाटलेला प्ले नाहीसा होऊन बेअरिंग घट्ट होते. घट्ट बेअरिंग तापते, रोलरांवर निळी झाक येते आणि सीलचे रबर कडक होते. हा नट छिन्नी-हातोड्याने फिरवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. छिन्नीने किती आवळला गेला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि उडालेला लोखंडाचा कण बेअरिंगमध्ये जातो तो वेगळाच. योग्य मापाचा सॉकेट एकदाच विकत घ्यावा.

सील आणि स्पिंडलचा पृष्ठभाग

हब उतरवलाच आहे तर स्पिंडलवर सीलचा ओठ जिथे टेकतो त्या पट्ट्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे आणि नवे सील त्याच खाचेतून गळणार. त्यावर पातळ स्टीलची बाही चढवता येते. सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असावी, ओठाला थोडे ऑइल लावलेले असावे आणि सील सपाट ठोकळ्याने चारही बाजूंनी सारखे बसवावे. ड्रममध्ये ऑइल उतरले असेल तर लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नये. लायनिंगमध्ये मुरलेले ऑइल गरम झाल्यावर पुन्हा वर येते, म्हणून दोन्ही मागच्या चाकांचे लायनिंग एकाच वेळी नवे घालावे. जुन्या लायनिंगच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तिला हवेचा फवारा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

शाफ्टची लांबी आणि सरळ रेष

इथपर्यंत सगळे ठीक करूनही गळती परत आली, तर शाफ्टकडे वळावे. सर्व बोल्ट काढून शाफ्ट हाताने आत सरकवावा. फ्लँज हाताच्या दाबानेच हबला पूर्ण टेकली पाहिजे. ती टेकत नसेल तर शाफ्ट लांब आहे आणि बोल्ट आवळल्यावर तो डिफरन्शियलमधल्या पिनवर दाबून फ्लँजला सतत बाहेर ढकलतो. शंका असल्यास शाफ्टच्या आतल्या टोकाला मळलेल्या कणकेएवढी मऊ माती लावून तो बसवावा आणि काढून पाहावा. माती चपटी होऊन कागदासारखी उरली असेल तर जागा नाही. तपासल्यावर माती पूर्ण पुसून घ्यावी. शाफ्ट आखूड असेल तर उलट अडचण होते: स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा) साइड गिअरमध्ये, म्हणजे शाफ्टला फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधल्या गिअरमध्ये, पूर्ण खोलीपर्यंत जात नाहीत आणि टोकाशीच झिजतात.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची तपासणी. फ्लँज टेकवून तिची भोके हबच्या भोकांसमोर आणावीत आणि ती नेमकी जुळतात का ते पाहावे. मग चाक आणि शाफ्ट एकत्र पाव फेरा फिरवून पुन्हा पाहावे, असे चार वेळा करावे. भोके दर वेळी एकाच दिशेला, समजा गाडीच्या पुढच्या बाजूला, सरकलेली दिसली तर स्पिंडल किंवा हाउसिंगची नळी वाकडी आहे. सरकण्याची दिशा शाफ्टबरोबर फिरत असेल तर शाफ्ट वाकडा आहे. शाफ्ट स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतो, म्हणून वर-खालीच्या फरकापेक्षा पुढे-मागेच्या फरकाला अधिक महत्त्व द्यावे.

काकांच्या जीपमध्ये नेमके हेच निघाले. डाव्या बाजूची भोके चारही वेळा पुढच्या अंगाला सरकलेली होती. वाकड्या नळीत हब एका अक्षाभोवती फिरतो आणि साइड गिअर दुसऱ्या, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट थोडा वाकून परत सरळ होतो, फ्लँजला हेलकावे देतो, बोल्ट सैल करतो आणि सीलला एका बाजूला ओढतो. त्यांच्याकडे तीन सील, दोन पॅकिंग आणि एक बेअरिंग बदलून झाले होते. स्पिंडलची फ्लँज वेल्डिंग करताना ती एकाच बाजूने, एका दमात मारली गेली होती. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, हे ती वेल्डिंग करणाऱ्याने लक्षात घेतले नव्हते.

याची खातरजमा व्हील अलाइनमेंटच्या दुकानात सहज होते. मागच्या चाकांचे आकडे मुद्दाम मागून घ्यावेत, कारण एकसंध अ‍ॅक्सल म्हणून ते कोणी सहसा पाहत नाही. घरीही दोन्ही मागच्या टायरांवर खडूने मध्यरेषा आखून, अ‍ॅक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून त्यांच्यामधले अंतर मोजता येते. दोन मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर सीलवर आणखी पैसे घालवू नयेत.

कोठे थांबावे

हाउसिंग वाकडे निघाले की घरगुती दुरुस्ती संपली. बेअरिंगच्या मूळ बैठकीत चकत्या बसवून, त्यांच्यातून सरळ दांडा घालून मोजमाप घ्यावे लागते आणि त्या दांड्याच्या आधारानेच स्पिंडल पुन्हा जोडावा लागतो. सांवेर रोडला किंवा पीथमपूरला हे काम करू शकणारी मशिन शॉप आहेत. तिथे गेल्यावर ‘तुमच्याकडे अलाइनमेंट बार आहे का’ हे आधी विचारावे, आणि ‘नजरेने सरळ करून देतो’ असे उत्तर आले तर आभार मानून बाहेर पडावे. स्पिंडलवर किंवा वेल्डजवळ केसासारखी चीर दिसली, स्पिंडल निळा पडला असेल, एकदा नीट बसवलेला प्ले काहीशे किलोमीटरमध्ये परत आला, बोल्ट दुसऱ्यांदा तुटले किंवा डिफरन्शियलमधून वेगाबरोबर चढणारा हूं-हूं आवाज येऊ लागला, तरीही स्वतः पुढे जाऊ नये. ज्यांचे रूपांतर अजून व्हायचे आहे त्यांनी आरटीओत आधी विचारणा करावी, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही.

ड्रममध्ये ऑइल उतरलेली गाडी सिमरोल घाटातून चालवत आणू नये, ती ओढून आणावी. मागची चाके जमिनीवर ठेवून ओढायची असेल तर दोन्ही शाफ्ट काढून घेता येतात, म्हणजे डिफरन्शियल फिरत नाही. हबच्या उघड्या तोंडांवर झाकण लावावे, नाहीतर राहिलेले ऑइल सांडून बेअरिंग कोरडी पडतील आणि धूळ आत जाईल. ओढणे दोरीने न करता ताठ दांड्याने करावे, कारण मागच्या ब्रेकवर त्या वेळी विसंबता येत नाही.